नागोरावकाकांचं जावळ

साखऱ्याच्या नागोरावकाकांचं जावळ काढायचं राहिलं होतं.

लहान मुलाचं राहावं तसंच. फरक एवढाच, की मास्तरांशी लग्न होऊन मी साखऱ्याला आले तेव्हा या लहान मुलाचे पुढचे दोन दात पडले होते, आणि ते काही दुधाचे नव्हते. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर. शाळेला लागूनच आमची खोली आणि समोर रस्त्यापलीकडे नागोरावकाकांची धर्मशाळा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा रहीमचाचा शिंपी चोळीचं माप घ्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "मास्तरीणबाई, समोरच्या पोराचं जावळ हाय या शिवरात्रीला. टोपडं शिवायला घ्यावं म्हंतो." मी खुळ्यासारखं विचारलं, "किती महिन्यांचं आहे हो बाळ?" त्यावर समोरच्या पायरीवर विळ्यानं भोपळा चिरत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वर केली आणि म्हणाला, "छप्पन वर्सांचं."

त्याचं असं होतं. काकांच्या आईची आधीची लेकरं काही वाचली नव्हती. तिनं औंढ्याच्या नागनाथाला नवस केला, की हे लेकरू जगलं तर शिवरात्रीला पायी घेऊन येईन आणि तुझ्या पायरीशी त्याचं जावळ काढीन. लेकरू जगलं, म्हणून नाव नागोराव. पहिल्या साली पाऊस पडला नाही, दुसऱ्या साली पाठीवर भाऊ झाला, तिसऱ्या साली वडील बैलगाडीवरून पडले. डोक्याचे बाकीचे केस न्हाव्यानं उतरवले, पण टाळूवरची एक बट देवाची म्हणून तशीच ठेवली. पुढं आई गेली. जाताना तिनं त्या बटेवर हात ठेवला आणि म्हणाली, "येवढं माझं पोचव रे बाबा." तेव्हापासून ती बट फेट्याखाली होती. आईचा नवस डोक्यावर घेऊन हा माणूस उभा जन्म वावरत होता, आणि हे मी चेष्टेनं सांगत असले तरी त्यांच्या जिवाला ते लागलेलं होतं. लग्न ठरलं होतं एकदा. काका म्हणाले, आधी जावळ, मग बाशिंग. मुलीच्या बापानं दोन शिवरात्री वाट पाहिली आणि तिसऱ्या सालापूर्वी तिला हट्टा गावी देऊन टाकली.

"मग जात का नव्हते?" असं तुम्ही विचाराल. सगळा गाव तेच विचारायचा.

साखऱ्याच्या वर पैनगंगा. नदीपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे आमची मोगलाई, निजामाचं राज्य. शिवरात्रीला वऱ्हाडातून लोक पायी औंढ्याला जायचे, आणि नदी उतरल्यावर त्यांचा पहिला मुक्काम साखऱ्याला; एरवीही वाटेनं कुणी ना कुणी वाटसरू असायचाच. गावानं त्यांच्यासाठी मारुतीच्या देवळामागं चार खणांची धर्मशाळा बांधली होती. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात मोठी चूल. पीठ-डाळ घराघरांतून यायची. काका विशीत असताना बट घेऊन निघायचे म्हणून तिथं गेले, तर चालून आलेल्या लोकांना भाकरी टाकायला कुणी नव्हतं. म्हणाले, आजचा दिवस हात लावतो आणि उद्या निघतो. तो उद्या काही आला नाही. ना कुणी नेमलं होतं, ना कुणी काही देत होतं. शेती धाकटा भाऊ बघायचा, आणि भावजय द्वारकाबाई रोज सकाळी अंगण झाडता झाडता दिराच्या नावानं शंख करायची, "लोकायचे पाय धून राहिले, घरी पान्याची घागर भरतील तर शपथ!"

धर्मशाळेत काकांचा कायदा चाले. आलेल्यानं पायरीवर बसायचं. काका स्वतः कोमट पाण्यानं पाय धुणार, काटा असेल तर काढणार, करडीचं तेल चोळणार. मग पानावर बसवणार. जेवण होईपर्यंत कुणाला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच. कुणी आपण होऊन सांगायला लागलं तरी काका हात वर करायचे, "आधी खा. नाव-गाव मंग." मी एकदा विचारलं, असं काहून? (तोवर माझ्याही तोंडी 'का'ऐवजी 'काहून' बसलं होतं.) म्हणाले, "भुकेलं मानूस बोलताना लाजतं, मास्तरीणबाई. पोट भरल्यावर कसं बराबर सांगतं."

या कायद्यापायी एकदा काय घोटाळा झाला, तो सांगते. द्वारकाबाईच्या लेकीचं नवीन लग्न झालं होतं, पुसेगावला. तिची सासू पहिल्यांदा साखऱ्याला यायची होती. घरी पुरणाचा घाट घातलेला, दारात रांगोळी. विहीणबाईंची गाडी ओढ्यात अडकली, म्हणून त्या बिचाऱ्या पायी पुढं निघाल्या आणि चप्पल तुटली म्हणून धर्मशाळेच्या पायरीवर टेकल्या. झालं! काकांनी पाय धुतले, तेल लावलं, पानावर बसवलं. बाई सांगायला बघतात, "अहो, मी..." की काकांचा हात वर. "आधी खा." विहीणबाईंनी पिठलं-भाकर खाल्ली. वर काकांनी घोंगडी टाकून दिली, "पडा जरा, चालून आल्या." बाई थकलेल्या; झोपल्या. इकडं द्वारकाबाईकडची माणसं गावभर शोधून राहिली. दुपार कलल्यावर बाई उठून म्हणाल्या, "आता सांगू का हो मी कोण?" द्वारकाबाईनं त्या दिवशी जे तोंड सोडलं, ते शाळेतल्या मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून ह्यांनी मोठमोठ्यानं कविता म्हणायला लावल्या. काका मात्र शांत. म्हणाले, "पुरन ऱ्हायलं आसंल तर आना इकडं. लोक येऊन राहिले."

आणि ते पिठलं! काकांच्या हातचं पिठलं दर वेळी लागायचं, म्हणजे करपायचं. जन्मात एकदाही त्यांना न करपवता जमलं नाही. पहिल्यांदा कुणा भल्या माणसानं संकोचानं म्हटलं असावं, "वा, धुराचा वास छान लागतो," आणि काकांनी ते खरं मानलं. तेव्हापासून, करपलेल्या पिठल्यानं पायाचा शीण जातो, असा त्यांचा ठाम सिद्धांत. मी भाकरी टाकायला जाऊ लागले तेव्हा एकदा गुपचूप पातेलं वेळेवर उतरवलं. काकांनी चाखलं, माझ्याकडे दुःखानं पाहिलं आणि पातेलं परत चुलीवर ठेवलं. त्यानंतर मी त्या पातेल्याच्या वाटेला गेले नाही.

पण खरी मेख पुढंच आहे. सगळ्यांची पानं उठली की काका एक ताट वाढून झाकून ठेवायचे. मागच्याचं ताट. "चालनाऱ्यात कोनी तरी मागं राह्यतंच. कोनाचा पाय दुखतो, कोनी म्हातारं आसतं." आणि मागचा येऊन जेवल्याशिवाय काका धर्मशाळा सोडणार नाहीत. औंढा पायी दोन मुक्कामांवर. हा मागचा नेमका शिवरात्रीच्या तोंडावर यायचा, म्हणजे नंतर निघून काही उपयोग नाही. नवस शिवरात्रीचा, इतर दिवशी जायला काका तयार नाहीत. सकाळी जथा निघाला की काका खुंटीवरचं गाठोडं काढायचे, खांद्याला लावायचे, दारापर्यंत यायचे आणि म्हणायचे, "व्हा पुढं. मी आलोच मागून." लोक जायचे. गाठोडं परत खुंटीवर. वऱ्हाडातल्या जुन्या यात्रेकरूंना हे पाठ झालं होतं. एक म्हातारी तर दर साली वळून ओरडायची, "ये रे बापा, देवाला सांगते मी, निघाला म्हून!"

एका साली गावानं ठरवलं, की या वेळी काकांना घालवायचंच. भाकरी मी बघणार, पाणी द्वारकाबाई, पाय धुवायला खुद्द आमचे मास्तर. रहीमचाचानं नवा सदरा शिवून दिला. मारुतीपुढं नारळ फोडून आम्ही काकांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो. द्वारकाबाईच्या डोळ्यांना चक्क पदर. काका ओढा उतरले, पलीकडची चढण चढले, दिसेनासे झाले. आम्ही परत येऊन हात-पाय धुतो न धुतो तोच समोरून काका हजर, आणि खांद्यावर एक दांडगं पोरगं! वऱ्हाडातलाच कुणी सोळा-सतरा वर्षांचा, चुकीच्या वाटेनं गेलेला, पायाला हा एवढा फोड. एक माणूस पाठवला होता, दोन परत आले. काका दारातूनच गरजले, "पानी कोमट हाय का? आन् मास्तर, बाजूला व्हा, तुमाला पाय धुता येत न्हाईत."

मास्तरांनी हा अपमान फार दिवस लक्षात ठेवला.

अशी वर्षं जात होती आणि तिकडं फेट्याखाली बट विरळ होत चालली होती. बाकी डोक्यावर तर केव्हाच टक्कल पडलं होतं. काका अंघोळीनंतर बटेला खोबरेल लावायचे, लाल दोरा बांधायचे आणि कुणी पाहायच्या आत फेटा चढवायचे. रहीमचाचा म्हणायचा, "नागोराव, आता देवाला बट न्हाई पोचायची. एक केस पोचंल, तोबी आर्धा." काका हसायचे. पण एकदा दुपारी मी ताक घेऊन गेले, तर काका आरशाचा तुकडा हातात धरून बसले होते. मला पाहून त्यांनी फेटा ओढला नाही. म्हणाले, "मास्तरीणबाई, पोचंल का हो हे? मायला काय सांगू मी?" मी ताक ठेवलं आणि म्हटलं, "पुढच्या साली नक्की, काका." आणि घरी येऊन फार रडले. चेष्टा करणाऱ्या सगळ्यांनाच मनातून ती धास्ती होती.

मग ते धामधुमीचं साल आलं. मोगलाईतला शेवटचा उन्हाळा तोंडावर आलेला. नदीवर पहारे बसले, निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक गावोगाव फिरायला लागले, माणसं दिवस मावळायच्या आत दारं लावून घ्यायची. शिवरात्र जवळ आली आणि नदीकडची वाट रिकामी. काकांनी चूल पेटवली, पिठलं करपवलं, ताट झाकलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढत होते, तर काका गाठोडं खांद्याला लावून माझ्या दारात उभे.

"मास्तरीणबाई, पाव्हनाच येत न्हाई तर मी कोनाची वाट पाहून राहिलो? जातो."

द्वारकाबाई धावत आली. "भावजी, डोस्कं फिरलं का तुमचं? रस्त्यानं मानसं गायब होऊन राहिली!" रहीमचाचानं तर वाटच अडवली. "नागोराव, दिवस बराबर न्हाईत. बट जाईल ती डोक्यासहित जाईल."

"मंग तर नवस पुरा फिटंल," काका म्हणाले.

पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. चाचाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रहीम, या सालानंतर काईच ऱ्हानार न्हाई डोक्यावर. मी पाह्यलं आरशात." चाचा बाजूला झाला. काका मला म्हणाले, "मागच्याचं ताट झाकत जा. आन् पिठलं नीट लागू द्या." त्या दिवशी "व्हा पुढं" म्हणायला पुढं कुणीच नव्हतं. ते एकटेच ओढ्याकडे गेले.

शिवरात्र झाली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. हिंगोलीकडून आलेला एक गाडीवान म्हणाला, रस्ता बंद आहे, काही खरं नाही. द्वारकाबाई, जी उभा जन्म दिराला शिव्या घालत आली, ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "म्हैस पाहून राहिले." म्हैस गोठ्यात रवंथ करत होती. मी रोज ताट झाकत होते आणि सकाळी ते शिळं अन्न गाईला घालत होते.

मग एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, धर्मशाळेच्या पायरीवर कुणीतरी येऊन बसल्याचं दिसलं. धुळीनं माखलेलं, अंगावरचा सदरा खांद्यावर फाटलेला, डोक्याला फेटा गच्च. काकाच! मी धावले. द्वारकाबाई, चाचा, हे, सगळेच जमले. ओठावर एकच प्रश्न, की पोचलात का? फेट्याखाली काय आहे? मी तोंड उघडलं आणि काकांनी हात वर केला.

"चालून आलो, मास्तरीणबाई. आधी पानी."

म्हणजे त्यांचाच कायदा आम्हांला! काय करणार? मी कोमट पाणी आणलं. त्यांचे पाय मी धुतले. तळव्यांना फोड आले होते. काका म्हणाले, "पानी जरा जास्तच ऊन हाय." मी तेल लावलं. म्हणाले, "टाचेला राह्यलं." पानावर बसवलं, झाकलेलं ताट उघडून पुढं ठेवलं. इतक्या वर्षांत त्या पानावर ते पहिल्यांदा बसत होते. पिठलं मी त्या दिवसांत मुद्दाम करपवत असे. त्यांनी घास घेतला, चावला, विचार केला. "आनिक लागू द्याचं थोडं." द्वारकाबाई दाराशी नुसती जळून राहिली होती. काकांनी दुसरी भाकर मागितली. मग ताक मागितलं. माझी खात्री आहे, की ते मुद्दाम सावकाश जेवत होते.

हात धुतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हं. विचारा आता."

चाचा पुढं सरकून म्हणाला, "फेटा काढ ना रे बाबा."

काकांनी फेटा काढला. डोकं सगळं गुळगुळीत. त्या जागी, जिथं जन्मभर बट होती, तिथं पांढरा रुपयाएवढा डाग, कधी ऊनच न लागलेला. काका त्यावरून हात फिरवत म्हणाले, "गार लागून राहिलं." आणि रडायला लागले. द्वारकाबाईही रडली, मीही रडले. हे खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मग कळलं. काका रस्ता सोडून शेताशेतांतून गेले आणि शिवरात्रीला पहाटे औंढ्याला पोचले. गर्दी यंदा नव्हतीच. न्हाव्यानं विचारलं, लेकरू कुठाय? काका म्हणाले, मीच. न्हावी म्हणाला, बरं, मग मामा कुठाय? जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर पाहिजे. आता साठीतल्या लेकराला मामा आणायचा कुठून? काकांचे मामा जाऊन जमाना लोटला होता. न्हावी काही ऐकेना. काका आम्हांला सांगत होते, एवढं चालून आलो आणि मांडीसाठी अडलं, रडू यायला लागलं मला. तेवढ्यात चार-पाच माणसं आडवाटेनं नदी उतरून आलेली, त्यांतला एक तरणाबांड ओरडला, "आरे, हा तं साखऱ्याचा करपं पिठलंवाला!" हे तेच पोरगं, पायाला फोड आलेलं. आता चांगला मिशीवाला गडी झालेला. तो खाली बसला, मांडी घातली आणि म्हणाला, "या काका. तुमी मले खांद्यावर घेतलं व्हतं, मी मांडीवर घेतो."

"मंग?" द्वारकाबाईनं विचारलं.

"मंग काय. बसलो." काका लाजले. "मामा चांगला दांडगा व्हता. न्हाव्यानं बट काढली, दोऱ्यासकट पायरीशी ठेवली. मायचं नाव घेतलं." फेटा मांडीवर गुंडाळत म्हणाले, "केस मोजकेच व्हते. पर पोचले."

दुसऱ्या दिवशी रहीमचाचा लाल खणाचं टोपडं घेऊन आला, बाळाला घालतात तसं, झालरीचं, गळ्याखाली बंद असलेलं, फक्त माप नागोरावांच्या डोक्याचं. म्हणाला, "कवाचं कापून ठेवलं व्हतं." आम्ही हसून हसून लोळलो. काकांनी ते घातलं, बंद बांधला, आणि मग कधी काढलंच नाही. डोक्याला गार लागतं म्हणायचे. गावानं चार दिवस चेष्टा केली आणि सोडून दिली.

त्याच साली मोगलाई संपली. दिवाळीनंतर ह्यांची हिंगोलीला बदली झाली. गाडीत सामान भरलं, चाचा-चाची भेटली, द्वारकाबाईनं डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली. काका पायरीवर लाल टोपडं घालून भोपळा चिरत बसले होते. मी पाया पडले आणि म्हटलं, "काका, हिंगोलीला यायचं आमच्याकडे."

"व्हा पुढं," काका म्हणाले. "मी आलोच मागून."

"खोटं बोलू नका हो! आता तर डोक्यावर बटही नाही, अडकवायला."

"मंग काय झालं? व्हा पुढं."

गाडी ओढ्याला लागली तेव्हा मी वळून पाहिलं. लाल टोपडं पायरीवर दिसत होतं. वाटलं, आपल्याकडे बघत असतील. कुठलं! ते नदीकडच्या वाटेकडे बघत उठून उभे राहिले होते, हातात विळा तसाच. पलीकडून धुळीत चार-दोन माणसं चालत येताना दिसत होती, किती तरी दिवसांनी.

काका काही हिंगोलीला आले नाहीत. येणार नव्हतेच, मला माहीत होतं. पण पहिल्याच दिवशी जेवणं आटोपल्यावर माझ्या हातानं एक ताट झाकलं गेलं. ह्यांनी विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, मागच्याचं. तेव्हापासून रोज झाकते. बहुतेक वेळा कुणीतरी येतंच. मी आधी पाय धुवायला पाणी देते. नाव-गाव मग.